साळवेबाईंच्या बाहुल्या

साळवेबाई गेल्याचं मला फोनवर कळलं. सांगणारा माझाच जुना विद्यार्थी, आता मंठ्यात बियाण्यांचं दुकान चालवतो. पाऊसपाण्याचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "सर, ती बाहुल्यावाली बाई वारली म्हनं जालन्यात. आपल्या शाळंत होती बघा. भानामतीवाली."

मी म्हणालो, "हो का."

एवढंच म्हणालो. "ती भानामतीवाली नव्हती" हे तीन शब्द मी वीस वर्षांपूर्वी बोलायला हवे होते. त्या दिवशी फोनवरही बोलता आले असते. तेव्हाही बोललो नाही.

मी आता शहात्तर वर्षांचा आहे आणि मुलाकडे छत्रपती संभाजीनगरला राहतो. मंठा तालुक्यातलं आमचं गाव सुटलं, पण गावात माझं नाव अजून आहे. हेडमास्तर म्हणून झेंडावंदनाला बोलावतात, शाल देतात. बाईंचं मात्र तिथं नाव राहिलं नाही, एक शिवी राहिली. तिच्या जागी खरं काय ते लिहून ठेवतो.

बाई आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आल्या तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. ठेंगण्या, सावळ्या, डोळ्यांवर जाड चष्मा. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि कपड्यांच्या शिवणीकडे जास्त बघायच्या. माझ्या सदऱ्याचं बटण सैल झालेलं माझ्या बायकोच्या आधी त्यांना दिसायचं. पर्समध्ये कायम सुई-दोऱ्याची डबी. "सर, उभे राहा जरा," म्हणायच्या आणि बटण घट्ट करून द्यायच्या.

पहिल्या दिवशी त्यांची पत्र्याची पेटी उतरवताना आमचा शिपाई नामदेव चकित झाला. एवढी मोठी पेटी आणि एका हातानं उचलली गेली.

"बाई, संसार हाय का हवा भरून आणली?"

"बाहुल्या हायेत."

"अस्सं! लेकरं किती तुमाला?"

"दोन. दोघंही कॉलेजला हायेत जालन्यात."

"मंग बाहुल्या कोणाच्या?"

"माझ्या," बाई म्हणाल्या. पेटी कुठं ठेवायची ते दाखवून त्या हजेरीपट मागायला माझ्याकडे आल्या.

गावात त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. शनिवारी शाळा सुटली की जालन्याला जायच्या, सोमवारी पहिल्या गाडीनं हजर. बाहुल्यांतल्या चाळीसेक इथं, शाळेच्या लोखंडी कपाटात. बाकीच्या जालन्याला घरी. पेटीतून काढून त्या एकेक बाहुली कपाटात निजवायच्या, उभी करायच्या नाहीत. "उभं राहून दमतात," असं मुलांना सांगायच्या. मला खरं कारण सांगितलं होतं. उभ्या बाहुलीचं सगळं वजन मानेवर येतं आणि जुनी शिवण तिथंच आधी उसवते.

त्यांच्याकडे लाकडाची ठकी होती, रंग उडून नाकडोळे गेलेली. निजामाच्या काळात कोणीतरी हैदराबादेहून आणलेली, गालाला पोचा आलेली एक गोरी बाहुली होती. चिंध्यांच्या तर कितीतरी. पण त्यांच्यातच बाजारातली डोळे मिटणारी प्लास्टिकची, सेल घातले की हसणारी, आणि पुण्याच्या भाच्यानं दिलेली, गुलाबी खोक्यातली लांब पायांची परदेशी मडमही होती. मी एकदा म्हणालो, "बाई, जुन्या ठेवता ते समजलं. ही कालची प्लास्टिकची कशाला?"

"सर, जुनी झाल्यावर कोणी ठेवत न्हाई. नवी हाय तवाच ठेवावी लागती."

प्रत्येक बाहुलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा असे. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं: कोणी शिवली, कोणासाठी, कापड कशाचं. "सखूबाई, लेकीसाठी, नवऱ्याच्या धोतराचं." बाईंना बाहुलीपेक्षा हा मजकूर महत्त्वाचा वाटायचा. हा पुठ्ठाच पुढं त्यांच्यावर उलटेल असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

चिंध्यांच्या बाहुल्या मिळवायची त्यांची रीत न्यारी होती. मंठ्याच्या बाजारातून डोळे मिटणाऱ्या नव्या बाहुल्या आणायच्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांना त्या देऊन त्यांच्या पेटीच्या तळाशी पडलेली चिंधीची बाहुली मागायच्या. बायकांनी त्यांचं नाव ‘उलटी बोहारीण’ ठेवलं. आमच्या शेजारच्या गयाबाईंनी तर तोंडावर विचारलं होतं.

"बोहारीण जुनं नेती, भांडं देती, तिला त्याच्यात नफा. तुला काय नफा गं माय?"

"मला ही बाहुलीच नफा, मावशी."

"सरकार पगार देतं न्हवं? मंग चिंध्या गोळा करत का फिरून राह्यली?" गयाबाई हसल्या, पण बाहुली दिली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच शाळेच्या दारात हजर. नवी बाहुली पदरात गुंडाळलेली.

"माझी चिंधी वापस दे बाई. ही तुझी पोरगी डोळे मिटती न् उघडती. मला भ्या वाटतं. आन् ती माझी... ती न्हाई तर पेटी रिकामी लागती."

बाईंनी एका शब्दानं वाद घातला नाही. चिंधीची बाहुली काढून दिली, नवीही परत घेतली नाही. मग कपाटापाशी जाऊन पुठ्ठ्यावर लिहिलं, "गयाबाई. धाकट्या लेकीसाठी. बाहुली त्यांच्याकडेच आहे." आणि तो पुठ्ठा बाहुलीशिवाय, तिच्या रिकाम्या जागी ठेवला.

एकदा आम्ही दोघं केंद्रशाळेतल्या शिक्षकांच्या बैठकीहून परत येत होतो. गाडी पंक्चर झाली म्हणून ढाब्यापाशी थांबलो. तिथं एक ट्रक उभा होता, त्याच्या बंपरखाली दृष्ट लागू नये म्हणून टांगलेली काळी बाहुली. बाई खाली वाकून तिच्याकडे बघत बसल्या. ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन धावत आला.

"ओ ताई, काय करून राह्यल्या?"

"ही कोणी शिवली हो?"

"मला काय ठाऊक! नाक्यावर मिळती. हात नका लावू, माल उलटंल माझा."

"न्हाई उलटत. मला द्या ही. तुम्हाला दुसरी शिवून देते."

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवलं. पण तोवर बाईंनी पर्समधून काळा कपडा काढला होता. गाडीचं चाक बसेपर्यंत त्यांनी एक नवी बाहुली शिवून त्याच्या हातात ठेवली. पांढऱ्या दोऱ्याचे डोळे, वर चक्क हसरं तोंड.

"ही हसून राह्यली की ओ!"

"रडक्या तोंडाला घाबरून कोणी दूर जातं का? हसणाऱ्याला घाबरतात लोक," बाई म्हणाल्या. ड्रायव्हरला हे पटलं. बंपरखालची बाहुली त्यानं स्वतः सोडून दिली, मात्र हाताला रुमाल गुंडाळून.

गाडीत मी त्यांना म्हणालो, "तुम्हाला खरंच काही वाटत नाही?"

"काय वाटायचं? बाहुलीत चिंध्या असतात आन् शिवणाऱ्याचा हात असतो. तिसरं काही नसतं, सर."

मी मान हलवली. सातवीला विज्ञान मीच शिकवत होतो.

आता माझं लिहितो.

माझा नातू तेव्हा आठ महिन्यांचा. दोन दिवस दूध घेईना, अंग तापलेलं, रडून आवाज बसलेला. शेजारच्या गावच्या एका जाणत्यानं सांगितलं, नजर आहे, उतारा टाका. उताऱ्यात घरातल्या बाईच्या हातची बाहुली पाहिजे. बायकोनं पेटीतून माझ्या आईनं शिवलेली बाहुली काढली. माझ्या धाकट्या बहिणीसाठी आईनं ती स्वतःच्या हिरव्या लुगड्याची शिवली होती, नाकात एक लाल मणी. बायको आता नाही, तिच्यावर ढकलायचं नाही. तिनं बाहुली काढली, पण ताट घेऊन मी गेलो. दिवेलागणीला, गावाबाहेर तीन रस्ते मिळतात तिथं. भात, अंडं, लिंबू, कुंकू आणि वर आईची बाहुली. मागं वळून न बघता परत आलो. दुसऱ्या दिवशी पोराला जालन्याला डॉक्टरकडे नेलं. कान पिकला होता. औषधानं चार दिवसांत खेळायला लागला.

आम्ही जालन्यात होतो तेव्हा शनिवारी सकाळच्या शाळेला जाताना बाईंनी ती बाहुली पाहिली. भाताखालून काढली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत हापशावर धुतली. सोमवारी मी शाळेत आलो तर ती बाईंच्या हातात होती.

"सर, बघा तरी," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "मानेला दुहेरी शिवण हाय. लेकरू बाहुलीला मानेला धरूनच ओढतं ना, म्हणून. आन् पोटात कापूस न्हाई, जुन्या झबल्याचे तुकडे भरलेत. अंगाचा वास लागावा म्हणून भरतात तसं. शिवणारी बाई मोठी मायेची असंल. ज्या घरानं टाकली त्यांना कळलंच न्हाई काय टाकलं."

माझी आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. तिच्याबद्दल इतकं चांगलं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी म्हणालो, "वर्गावर जा बाई, घंटा झाली."

पुढच्याच आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी सहावीच्या दोन मुली चक्कर येऊन पडल्या. ऊन लवकर तापलं होतं, पोरी उपाशीपोटी आलेल्या. त्यांना पाहून तिसरी थरथर कापायला लागली. दुपारपर्यंत गावात एकच शब्द झाला. बाईनं उतारा उचलला, बाईनं भानामती केली.

दुसऱ्या दिवशी सरपंचांचे चुलते दिगंबरराव दहाबारा माणसं घेऊन शाळेत आले. कपाट उघडायला लावलं. बाईंनी स्वतः किल्ली लावली, कारण त्यांना लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. आत रांगेनं निजलेल्या बाहुल्या, प्रत्येकीच्या गळ्यात गावातल्या बाईचं नाव.

"नावं लिहिलेत बघा! आपल्या बायांची नावं!" कोणीतरी ओरडलं. "आन् ही गयाबाईची रिकामी जागा बघा. हिचा नंबर लागला वाटतं!"

वरच्या कप्प्यात आईची बाहुली होती. खांद्यात सुई, सुईत काळा दोरा. माणसं मागं सरली.

"अहो, शिवून राह्यले होते मी. खांदा उसवला तिचा," बाई म्हणाल्या.

"उतारा का उचलला?"

"बाहुली उचलली. उतारा तिथंच पडलेला होता."

दिगंबरराव माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सायन्सवाले. तुम्हीच सांगा, ही बाहुली कोणाची?"

तो प्रश्न साधा होता. ‘माझी’ म्हणालो असतो तर सगळं तिथंच संपलं असतं. लोक हसले असते. सायन्सचा मास्तर उतारा टाकतो म्हणून वर्षभर टिंगल झाली असती. तेवढंच. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. बाई बौद्ध समाजाच्या होत्या. आमच्या भावकीतली कोणी मास्तरीण असती तर तिचं कपाट उघडायची कोणाची छाती झाली नसती. हे मला तेव्हाही कळत होतं.

ती बाहुली जाळायची असं ठरलं. बाईंनी ती छातीशी धरली. "बाकीच्या न्या पाहिजे तर. ही न्हाई देणार. हिचं माणूस कुठंतरी असंल. ते मागायला आलं तर मी काय सांगू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुढं झालो आणि हात केला. "बाई, द्या इकडं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुख्याध्यापक होतो, माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी बाहुली दिली. देण्याआधी खांद्यातली सुई काढून घेतली, मला टोचू नये म्हणून.

मैदानात लिंबाच्या झाडाखाली रॉकेल टाकून ती जाळली. जुनं लुगडं होतं, पेटायला वेळ लागला नाही. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. वर्गात गेल्या आणि राहिलेला तास घेतला.

मी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. ‘गावातील वातावरण लक्षात घेता’ असं वाक्य अजून आठवतं. बाईंची भोकरदन तालुक्यात बदली झाली. त्या पोचायच्या आत तिथं बातमी पोचली होती. पालकांनी महिनाभर मुलं त्यांच्या वर्गात बसू दिली नाहीत. तिथून पुढं निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेत बाहुली नेली नाही, हे मला दुसऱ्या शिक्षकांकडून कळत गेलं. बहिणीनं एकदा विचारलं, "दादा, आईची बाहुली कुठंय रे?" मी सांगितलं, उंदरांनी खाल्ली.

हे छापून आलं की एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत पाठवणार आहे. माझ्या नातवाचं, आता तो इंजिनिअरिंगला आहे, हे वाचून झालं आहे. बाई मात्र हे वाचणार नाहीत. त्यांना मी शेवटचं भेटलो ते गेल्या वर्षी, दिवाळीनंतर.

पत्ता शोधत जालन्याला गेलो. लहानसं घर, पुढची खोली बाहुल्यांनी भरलेली. तीनशेच्या वर असतील. बाईंनी ओळखलं, "या सर" म्हणाल्या, खुर्ची दिली. केस सगळे पांढरे झाले होते, चष्मा आणखी जाड. मी बाहुल्या बघत होतो. गळ्यात पुठ्ठे होते, पण त्यांवर नुसते आकडे. एक, दोन, तीन.

"नावं नाहीत?" मी विचारलं.

"नावं लिहायचं सोडलं मी. तवापासून." मग म्हणाल्या, "आता मलाबी आठवत न्हाईत बऱ्याच जणींची."

मग मी सांगितलं. ताट, तीन रस्ते, आईचं लुगडं, सगळं. मान खाली घालून सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. झाल्यावर उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत होता. चहा घेऊन आल्या आणि कप माझ्यापुढं ठेवला.

"तुमचीच होती."

"हो."

"आन् तुम्हीच माझ्या हातातून घेतली."

"हो. बाई, मला माफ..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. "हे मला सांगून काय उपयोग, सर? मी काही केलं न्हाई हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा."

"सांगतो. गावात जाऊन सांगतो."

"कधी?"

"याच महिन्यात."

"दुपारची गाडी हाय की मंठ्याला. आज का न्हाई?"

मी म्हणालो, "आजच जातो."

"जा मंग. आधी सांगून या. माफीचं मंग बघू."

चहा संपवून मी उठलो. माझे गुडघे दुखतात हे त्यांनी उठताना पाहिलं आणि रस्त्यापर्यंत सोबत आल्या. नाली ओलांडताना माझा दंड धरला. शेजारची बाई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं विचारलं, "कोण पाव्हणे हो मॅडम? जेवायला न्हाई ठेवून घेतलं?"

"आमचे हेडमास्तर हायेत," साळवेबाई म्हणाल्या. "थांबत न्हाईत ते. गावाकडं एक काम राह्यलंय त्यांचं."

त्यांनी रिक्षा थांबवली, मला आत बसवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "स्टँडवर सोडा. जल्दी जा, मंठ्याची गाडी चुकायला नको."

रिक्षा निघाली. मी मागच्या काचेतून पाहिलं. त्या नालीच्या कडेला उभ्या होत्या, एक हात कपाळावर आडवा धरून, रिक्षा स्टँडच्याच रस्त्याला वळते का ते बघत.

स्टँडवर मंठ्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता. गाडीत जागाही होती. मी तिच्या पुढून चालत गेलो आणि संभाजीनगरच्या गाडीत बसलो.